एकाच बाजूला वाढणारी नक्षी

सोलापूर, ५ मार्च १९७७

प्रिय चांगुणा,

मंद्रूपला तुझ्या सासरी सगळे बरे असतील. इकडं तुझी आई ठीक आहे. मी मात्र महिनाभर ताटावर बसूनही जेवायचं विसरतो, असं तिचं म्हणणं. त्याला कारण तुझ्या नक्षीचा एक जुना कागद. कपाटाच्या फळीवर मीच अंथरला होता, झाडताना हाती लागला.

पुण्याचे प्राध्यापक आठवतात ना, चादरींच्या नक्ष्या बघायला कारखान्यात आलेले? त्यांचं कोडं असं, चौकटीच्या कागदावर एक ओळ भरायची. खालच्या ओळीतला प्रत्येक चौकोन काळा की कोरा, हे वरच्या तिघांनीच ठरवायचं. डोक्यावरचा आणि त्याचे दोन शेजारी. असे नियम दोनशे छप्पन्नच. त्यांतल्या एखाद्या नियमानं जगातलं कुठलंही गणित करता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं आणि माझी तीन वर्षं खाल्ली की.

आता माझा गाढवपणा ऐक. चादरीची नक्षी आम्ही अर्धीच काढतो, उरलेली उलटवून घेतो. हात त्यालाच सरावलेला. म्हणून दोन्ही बाजू सारख्या ठेवणारे चौसष्ट नियम तेवढे तपासले, बाकीचे न बघताच बाद केले. तुझी नक्षी नुसती डावीकडं पसरलेली पाहून मी भडकलो, पेन्सिल हिसकावली, चादर बिघडवशील म्हणालो. तू तेव्हा सोळाची. त्यानंतर माझ्या टेबलाशी फिरकली नाहीस, आणि पुढं लग्नच झालं. चुकलं माझं.

आणि तुझा नियम किती साधा गं. काळा चौकोन काळाच राहतो, दोन्ही शेजारी काळे असले तरच कोरा होतो. कोरा फक्त उजव्या शेजाऱ्याकडं बघतो. तो काळा, तर हाही काळा. मी पाचशे ओळी भरल्या. त्रिकोणांच्या गर्दीतून तिरक्या रेघा सरकतात, एकमेकींवर आदळतात आणि वेगळ्याच होऊन निघतात. रेघांनी आकडे वाहायचे, टकरीत त्यांची बेरीज-वजाबाकी व्हायची, गणित करायला आणखी काय लागतं? सिद्ध करणं माझ्या आवाक्यातलं नाही, पण लई आनंद झाला.

त्या आनंदात एक वाईट काम केलं. प्राध्यापकांना नक्षी धाडली आणि खाली नाव माझं घातलं. काल उत्तर आलं, पुढच्या सोमवारी पुण्याला या, बसून पुढचं शोधू. वाचून लाज वाटली. आज त्यांना खरं काय ते कळवलंय, आणि तू येशील असंही लिहिलंय. तुझ्या सासऱ्यांशी मी येऊन बोलतो. तू तेवढी जा. तिथं त्यांनी काही विचारलं, तर अण्णांना विचारून सांगते असं मात्र म्हणू नकोस.

तुझाच,
अण्णा