बोडीतला गाळ

मंगळवार, संध्याकाळ. फुलचूर.

कंपनीची आतली बातमी मी कोणालाही सांगितली नाही, अशा कागदावर उद्या सही करायची आहे. खरंच, मी कुठे सांगितली?

दवनीवाड्याजवळ आमची कंपनी औद्योगिक वसाहत उभारणार, हे नकाशे काढणाऱ्या आम्हा चौघांनाच ठाऊक होतं. त्या नकाशात मला आमचं शेत दिसलं, शेतातली बोडी दिसली. राहवलं नाही. बाबांना फोनवर एवढंच म्हटलं, "यंदा बोडीतला गाळ काढू नका." कंपनी बुजवूनच टाकणार त्या तळ्यासाठी या वयात उन्हात खपायचं?

"काऊन गं? धानाले पाणी कोठून देऊ मंग?"

"असंच," म्हटलं.

रूपेश, माझा भाऊ, बाबांच्या शेजारीच बसून ऐकत होता. आमच्या घरात गाळ काढायचा कधी चुकत नाही, आणि मी कुठे नोकरी करते हे त्याला माहीत. त्याच दिवशी त्याने कंपनीचे शेअर घेतले. आज बातमी फुटली, भाव चढला, आणि हा पेढे घेऊन दारात.

"ताई, तू कुठं काय सांगतलं? मीच समजून गेलो." वर हसून राहिला होता! पेढा हातातच राहिला माझ्या.

बातमीत नुसतं गावाचं नाव आहे. कोणाची शेतं जाणार, ते अजून गुपित.

आत्ता बाबांचा फोन आला. "तू म्हटलंस म्हणून थांबलो. पन मन मानत नाही. उद्यापासून गाळ काढतो."

मी गप्प राहिले. या वेळी नियम पाळला.