कुंपणावरचे कडू भोपळे

मी, खाली सही करणारा, ज्याला सगळे टिचकीअण्णा म्हणतात, वय एकाहत्तर, जात माळी, धंदा भाजीपाला आणि वाद्यांचे भोपळे, हा कागद पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोळे अधू झाले आहेत, लिहिलेलं मलाच वाचता येत नाही; कान शाबूत आहेत. टिचकी मारून भोपळ्याच्या सालीची जाडी अजून सांगतो. वकिलांनी बजावलं आहे, मृत्युपत्रात गप्पा नकोत. मारणार आहे. फी मी दिली आहे.

कलम पहिले. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या पत्नीची. तिच्या हयातीत मुलाने "आई, इथे जरा सही कर" म्हणत एकही कागद तिच्यापुढे सरकवू नये.

कलम दुसरे. वाद्यांच्या भोपळ्यांचा धंदा, वाळवणाची शेड आणि करवती मुलाला. वीस वर्षांपूर्वी तंबोरे बनवणारा एक वाद्यवाला माझ्या कुंपणापाशी थांबला, आपोआप उगवलेला एक कडू भोपळा वाजवून म्हणाला, "मालक, हा गातो." मी म्हटलं, "भाजीत गात नाही, घेऊन जा." पुढच्या हंगामात कुंपणभर तेच वेल लावले. त्यावर जमीन घेतली, घर बांधलं. मुलाला अट एकच: हे वेल यापुढे ओढ्यापलीकडच्या माळावरच लावायचे. कारण चौथ्या कलमात.

कलम तिसरे. फवारणीचा पंप शेजाऱ्याला. आठ वर्षं तो त्याच्याच गोठ्यात आहे. आता निदान "उसना आणलाय" म्हणायला नको.

कलम चौथे. हे लिहायला चार दिवस लागले.

आमच्या भावकीचं नाव गोड दुधीमुळे. बियाणं विकायचं नाही, हातातून हातात द्यायचं. ज्या वर्षी मी कुंपण भरलं, त्या वर्षी सगळ्या भावकीचं बियाणं त्याच कुंपणालगत पिकलं आणि धाकट्या भावाच्या गच्चीवर वाळलं. पुढच्या हंगामात घरोघरचा दुधी कडू निघाला. व्यापाऱ्यांनी गाड्या परत पाठवल्या. भर बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "धाकट्यानं बियाणं बदललं." तो फक्त म्हणाला, "अण्णा, तू असं म्हणतोस?" त्यानंतर त्याच्या हातचं बी कुणी घेतलं नाही आणि तो माझ्याशी बोलला नाही. भावकी दुकानातली पाकिटं पेरू लागली.

गेल्या वर्षी त्याची मुलगी, माझी पुतणी, आली. बापाने जपलेलं जुनं मूठभर बी परसात लावून तिने मूळचा गोड दुधी टिकवला आहे. म्हणाली, "काका, कुंपणावरचे वेल जरा लांब लावा ना."

"का गं? कुंपण माझं, बांध माझा."

"मधमाशीला बांध कुठे कळतो, काका?"

ती गेल्यावर मला उलगडा झाला. दोन्ही वेल एकाच जातीचे; कडू फुलावरची माशी गोड फुलावर गेली, आणि तो कडूपणा बियाण्यात उतरला. धाकट्याने काही बदललं नव्हतं. माझ्या वेलांनी बदललं होतं. हे कळूनही वर्षभर मी गप्प राहिलो, ही वेगळी चूक.

कलम पाचवे. विहिरीजवळचा अर्धा एकर पुतणीला, फक्त बियाण्यासाठी. संध्याकाळी दुधी फुलला की ती फुलांना कापडी पिशव्या बांधते, तिला तिथे कुणी हटकू नये. पोरगी बियाणं सासरी नेईल, अशी कुरकुर होईल. नेऊ दे. आणखी चार घरी गोड दुधी खातील.

पुरवणी. साक्षीला धाकट्याला बोलावलं, तर आला नाही. मग मीच वाद्यवाल्याचा हात धरून धाकट्याच्या दारात गेलो. वाद्यवाल्याने सगळं वाचून दाखवलं. धाकटा म्हणाला, "चौथं परत वाच." परत वाचलं. मग अठरा वर्षांनी तो माझ्याशी बोलला:

"तू मेल्यावर माझं नाव धुऊन मला काय करायचंय? तोवर मी तरी असेन का? उद्या बैठकीत वाच. तूच वाच."

"मला दिसत नाही रे."

"मी सांगतो शेजारी बसून. तू मोठ्यानं बोल."

म्हणून लिहितो: बाकीची कलमं माझ्या मरणानंतर अमलात येतील, त्यांना घाई नाही. चौथं उद्या सकाळी दहा वाजता.

सही: टिचकीअण्णा
साक्षीदार: वाद्यवाला
साक्षीदार: धाकटा भाऊ (सही करण्याआधी पेन आपटून म्हणाला, "चहा घेऊन जा.")
स्थळ: धाकट्याचं अंगण
दिनांक: सहा, सोमवार