मथुरेच्या मुठी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

सकाळच्या प्रार्थनेत आधी देवाला एकेकाची तब्येत विचारून घेतली. रोजचंच आहे. लेकाचा, राजकुमारचा खोकला कसा आहे? — चुलीपासून सून मंजुषाच बोलली, ‘‘थांबला.’’ मंजुषाची कंबर? — ‘‘देवाले काऊन इचारता आई, मलेच इचारा ना.’’ पास्टरच्या बायकोचा ताप? उतरला. शेवटी विचारलं, बेज्जूरच्या मथुराचे कान? धाकटी बहीण माझी. फोनवर तिला काही ऐकू येत नाही आता.

दुपारी नागेश पास्टर आले. १७ तारखेला आमच्या ख्रिस्ती मंडळीला पन्नास वर्षं होतात. मी साक्ष द्यायची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सभेत सांगायचं. ‘‘जुनीच द्या आई, लोकांना पाठ आहे. पण दहा मिनिटं. मागच्या वेळी वरण गार झालं होतं.’’

सत्त्याहत्तर वर्षं दहा मिनिटांत बसवायची. बसते लिहायला.

६ नोव्हेंबर

जुनी साक्ष अशी आहे —

१९६७ चा एप्रिल. पहाटे पैनगंगेत मी आणि डोमाजी, आम्हा नवराबायकोचा बाप्तिस्मा झाला. उन्हाळ्याचं पाणी घोट्याएवढं, डोहापर्यंत चालत जावं लागलं. परत येताना शेजारची भागाबाई भेटली. माझ्या ओल्या केसांकडे बघत म्हणाली, ‘‘काऊन वं बयना, आज अवेळी डोस्क्यावरून न्हायली?’’ मी डोक्यावर पदर ओढला नि चालू लागले. माहेर गावातच. संध्याकाळी बाबा दारात. ‘‘आजपासून तुले माहेर नाही.’’ सासऱ्यांनीही घराबाहेर काढलं. गावाबाहेर झोपडी घातली आम्ही. पण देवाने उपाशी ठेवलं नाही. आकाशातल्या पाखरांना देतो तसं आम्हालाही दिलं.

इथे बायका डोळे पुसतात.

साक्षीत मी ‘एका शेजारणीने चुगली केली’ एवढंच म्हणते. नाव घेत नाही. पण भागाबाईशी त्या दिवसापासून बोलले नाही. नऊ वर्षांपूर्वी तिची मयत दारावरून गेली. मी ज्वारी पाखडत होते. उठले नाही.

९ नोव्हेंबर

भाकरी करायला बसताना मंजुषाने आधी मूठभर पीठ काढून वेगळ्या डब्यात टाकलं. आमच्या मंडळीत घरोघरी असं चालतं. चूल पेटवायच्या आधी एक मूठ बाजूला. रविवारी उपासनेला डबा देवळात, आणि तिथून ज्याची चूल थंड असेल त्याच्याकडे. पन्नास वर्षांसाठी पास्टरनी छापलेल्या कागदात लिहिलंय — ‘ही प्रथा बयनाबाईंनी देवाच्या प्रेरणेने सुरू केली.’

तसं नाही ते. आणि पाखरांचंही अर्धंच खरं आहे.

झोपडीत राहायला गेलो तेव्हा मथुरा सोळा वर्षांची. बाबांच्या घरात चुलीपाशी तीच असायची. रोज दोन मुठी पीठ पदराच्या टोकाला बांधायची आणि विहिरीवर जाताना आमच्या झोपडीजवळच्या बाभळीच्या बुंध्याशी ठेवून जायची. जवळ येत नव्हती, बोलत नव्हती. अकरा महिने. लग्न होऊन बेज्जूरला गेली तोवर. बहुतेक ज्वारीचं पीठ, कधी कण्या, एकदा गुळाचा खडा. डोमाजी म्हणायचे, ‘‘तुह्या देवाच्या हातात बांगड्या हायेत वं.’’

बाप्तिस्म्याच्या वेळी बदलायला कोरडं लुगडंसुद्धा तिनेच दिलं होतं. तिला एकटीलाच सांगितलं होतं मी.

इतकी वर्षं साक्ष दिली. तिचं नाव एकदाही नाही घेतलं. साक्षीत आधी अंधार लागतो, माणसं वाईट लागतात. मधेच एक हिंदू बहीण पीठ घेऊन उभी राहिली की गोष्टीचा जोर जातो. हे मला कोणी शिकवलं नाही. नवा करार समोर धरून अक्षरं शिकले, तसं हेही आपलं आपणच शिकले.

१० नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर पास्टरना सांगितलं, मथुराचं नाव घेणार. ‘‘आई, साक्ष देवाची असते. त्यात मथुराबाई कुठून आणता?’’

‘‘बाभळीखालून.’’

हसले. ‘‘आणा. पण दहाच मिनिटं.’’

मथुराला पत्र लिहिलं. बेज्जूरला सगळं तेलुगू, पण तिची सून सुवर्णा चांद्याकडची, मराठी वाचते, तिच्या कानाशी ओरडून वाचेल. लिहिलं की येत्या रविवारी भर सभेत तुझं नाव घेते. भागाबाईने विष कालवलं आणि तू पीठ दिलंस, दोन्ही सांगते.

१२ नोव्हेंबर

राजकुमार जैनथला गेला, पोस्टात पत्र टाकून आला.

डोमाजींची आठवण. जाऊन सहा वर्षं झाली. देवळाची घंटा तेच वाजवत. घंटा कसली, रुळाचा तुकडा चिंचेला टांगलेला. मी चार गावांत पायी फिरायचे, बायकांना वाचून दाखवायचे, कोणी अडली असेल तर बाळंतपण उरकूनच घरी. घरी येईस्तोवर ते भाकरी करून ठेवत. जाड व्हायची. पोरं म्हणायची, बाबाची भाकरी बैलाले घाला. हे साक्षीत बसत नाही. इथे लिहून ठेवते.

१५ नोव्हेंबर

पत्र नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिली साक्ष. मथुराचं नाव तीनदा घेतलं. आणि सांगायचं तर पुरतं सांगावं म्हणून भागाबाईचंही घेतलं. आता तिला काय लागणार, असं वाटलं. सगळे आमेन म्हणाले. बावीस मिनिटं झाली. पंगतीत मंजुषा म्हणाली, ‘‘वरण गार झालं आई, पण चांगलं बोलल्या तुमी.’’

आजचा मांडव भागाबाईच्या नातवाने, भूषणने घातला होता. मागे खांबाला टेकून ऐकत उभा होता. जेवायला थांबला नाही. दुसरीकडे मांडव घालायचा असेल.

मन हलकं आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मथुराचं पत्र आलं. वर १५ तारीख आहे. अक्षर सुवर्णाचं, बोल तिचे —

‘‘बाई, माह्यं नाव नको घेऊ. भागाबाईचं तं घेऊच नको. बाबाले म्याच सांगतलं होतं. माह्यं लगन जुळून राह्यलं होतं, मागून कळलं तं मोडन, असं भेव वाटलं. आधीच तुले तोडलं असलं तं लोक काई म्हणत नाईत. पीठ त्याच्याच पायी ठेवत होती.’’

भूषणच्या दारी जाऊन आले. ‘‘या आजी, बसा,’’ म्हणाला. उभ्यानेच सांगितलं सगळं. रविवारी सभेतही सांगते, त्याला यायला सांगितलंय. येतो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

मग मथुराला लिहिलं — तुझ्या पिठावर आम्ही अकरा महिने जगलो, ते खरंच आहे. कान कसे आहेत ते कळव. लवकर लिही.