दर दोन तासांनी कूस

२ मार्च
आज एकदाची सासरी आले. लग्न परगावी, कचेरीत सह्या करून झालं, त्यामुळे सासूबाईंना पहिल्यांदाच पाहिलं. अंथरुणाला खिळल्या आहेत. बोलत नाहीत, नुसत्या बघतात. इतके दिवस त्यांचं सगळं मोठ्या जाऊबाईंनी केलं. त्या थकून पंधरा दिवसांसाठी माहेरी गेल्यात म्हणे. भिंतीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातला तक्ता आहे: दर दोन तासांनी कूस, पाठीला पावडर, गुडघ्यांमध्ये उशी. बाई भलत्याच शिस्तीच्या. मीही कंबर कसली आहे. पंधरा दिवसांचा तर प्रश्न.

९ मार्च
नर्स आठवड्याने येते. तिने सासूबाईंची पाठ पाहिली, त्यांना झोप लागते का विचारलं. मला लागते का, हे विचारलं नाही. सासूबाईंच्या केसांत एकही पांढरा नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत. स्वतःचं टक्कल विसरले.

१७ मार्च
पंधरा दिवस झाले, जाऊबाईंचा पत्ता नाही. एक दिवसापुरती बाई लावू या म्हटलं. हे म्हणाले, घरचं माणूस असताना परकं कशाला. वाकले की पुन्हा उठवत नाही. उजव्या पायाला सारख्या मुंग्या.

२३ मार्च
नर्सने बोटांच्या व्यायामासाठी पेन्सिल दिली. ती सासूबाईंच्या मुठीत ठेवली. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: जा. तेच टपोरं अक्षर, तक्त्यावरचं. ह्या सासूबाई नाहीत. ह्या जाऊबाई आहेत.
मी भयंकर घाबरले. पिशवी भरून दाराशी गेले, तोच साडेदहा झाले. कुशीची वेळ. मी गेल्यावर त्यांना वळवणार कोण? परत फिरले.

३० मार्च
पाय गेला. जीभ जड — नर्सने आज माझी पाठ पाहिली. जाऊबाईंची खाट सकाळपासून रिकामी. कुठे नेलं, कुणी सांगेना. हे नवी चादर घालताहेत, मला उचलून तिथे —

६ एप्रिल
धाकट्या दिरांचं लग्न झालं. मुलगी हसरी. तिने गालावरून हात फिरवला, मला सासूबाई म्हणाली —
तिला लिहून द्यायचंय, जा. पेन्सिल आहे. पण पाठ पेटलीय, आता ती येईल, वळवेल — हात किती हलका तिचा — ती गेली तर मला कोण — उद्या लिहीन, आजची एक कूस होऊ दे, मग लि