खाटेचा डबा

बाबा, या धानकापणीला तुम्हाला जाऊन दहा वर्षं होतील. आज रविवार, आयटीआयला सुट्टी आहे, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या माझ्या मेजाशी बसले आहे. तुम्ही याला 'बाईचं टेशन' म्हणायचात. मेजावर नऊ मिलिमीटर रुंदीचे रूळ आहेत, त्यावर छोट्या लाइनचं, म्हणजे नॅरोगेजचं, एक अर्धवट इंजिन उभं आहे, खऱ्यापेक्षा सत्याऐंशीपट लहान. आज त्याच्या पाण्याच्या टाकीला रिवेट पाडायचे होते. पातळ पितळी पत्र्याच्या मागून सुईचं टोक दाबायचं, की पुढे मोहरीहून बारीक टिंब उठतं. एका रांगेत बेचाळीस टिंबं. तेविसाव्याला हात हलला, पत्रा वाया गेला, आणि मग नवीन पत्रा कापायच्या ऐवजी मी वही ओढून घेतली.

हा नाद मला चाळिशीनंतर लागला. आयटीआयमध्ये मुलांना यंत्रांचे नकाशे काढायला शिकवणारी बाई, तिला मापांचं वेड असायचंच. नागपूरच्या एका हौशी माणसाकडून छोट्या लाइनच्या डब्याच्या जुन्या नकाशाची नक्कल मिळाली आणि मी ती पोथीसारखी जपून ठेवली. आई गेल्यानंतर तुम्ही नागभीडचं घर बंद करून माझ्याकडे चंद्रपूरला राहायला आलात, तेव्हा माझे दोन डबे तयार होते. तुम्ही पहिल्यांदा ते हातात घेतलेत तो दिवस मला आठवतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावलेला. तळहातावर डबा ठेवून खिडकीपाशी गेलात, बराच वेळ फिरवून पाहिलात. मी वाट पाहते आहे की आता तुम्ही वाहवा कराल. छोट्या लाइनच्या शेडमध्ये ज्या माणसानं तीस वर्षं याच डब्यांची सुतारकी केली, त्याची वाहवा मला हवी होती.

"फळ्या उलट्या बसवल्या तू," तुम्ही म्हणालात.

"उलट्या म्हणजे?"

"वरची फळी खालचीच्या वर आली पायजे. तू खालची वर घेतली. पाऊस आला का सारं पाणी आत जाईन. मानसं भिजतीन ना बाई."

मी हसले. माझ्या डब्यात माणसं नव्हती. पण तुम्ही हसत नव्हतात. दुसऱ्या दिवशी मी डबा उकलून फळ्या पुन्हा बसवल्या, आणि तुम्ही तुमच्या पेटीतून सगळ्यात बारीक पटाशी काढून तिची मूठ माझ्या हाताच्या मापानं तासून दिलीत. ती आजही मेजावर आहे. त्या दिवसापासून तुम्ही रोज दुपारी जेवण झालं की माझ्या शेजारी स्टूल ओढून बसू लागलात. डबा जुना दिसायला काय रंग लावायचा म्हणून मी परदेशी भुकटीची पुडी मागवायला निघाले, तर तुम्ही खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलंत आणि कोळशाची काळी धूळ माझ्यासमोर धरलीत. चंद्रपुरात ती विकत आणायची गरज नव्हती. ती ओल्या कुंचल्यानं लावली, तर डबा असा दिसला की जणू आत्ताच शेडमधून आलाय. आपले ते दिवस चांगले होते बाबा. मी ते स्वतःच्या हातानं संपवले, म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही एक डबा स्वतः करायला घेतलात. प्लास्टिकला हात लावायला तयार नव्हतात. जुन्या खिडकीच्या सागवानाच्या पापुद्र्याएवढ्या पट्ट्या काढल्यात आणि चार महिने एकेक फळी बसवत राहिलात. हात थरथरायचा, तेव्हा मनगट मेजाच्या कडेला टेकवून श्वास धरायचात. मी आयटीआयमधून आले की आधी डब्याकडे पाहायची. तो माझ्या डब्यांपेक्षा चांगला होता. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. फक्त त्याचं एका बाजूचं दार चुकलं होतं. मी पट्टी लावून पाहिली, दार नकाशापेक्षा अडीच मिलिमीटर जास्त रुंद होतं. खऱ्या डब्यात म्हणजे जवळजवळ नऊ इंच.

"बाबा, हे दार मोठं झालं."

"नाई. या डब्याचं तसंच होतं."

"नकाशात नाही."

"नकाशात नसन. पन होतं. त्याचं असं झालं का एकदा..."

तुम्ही सांगायला सुरुवात केली होती. पटाशी खाली ठेवून, हात मांडीवर पुसून, माझ्याकडे वळून बसला होता. आणि मी पट्टीवरची नजरसुद्धा न उचलता म्हणाले, "बाबा, मला माप सांगा, गोष्ट नका सांगू." मला त्या दिवशी कसलीही घाई नव्हती. पोळ्या झाल्या होत्या, पेपर तपासायचे नव्हते. तरीही म्हणाले. तुम्ही म्हणालात, "नऊ इंच," आणि पुन्हा पटाशी उचललीत.

मग नागपूरला छोट्या गाड्या करणाऱ्या हौशी लोकांचं प्रदर्शन ठरलं. मी माझे डबे नेणार होते, आणि तुमचाही. तिथे येणारी माणसं भिंगातून पाहतात, खिडक्या मोजतात. कोणी तुमच्या डब्यावर बोट ठेवून 'हे चुकलंय' म्हणेल, आणि तुम्ही कानकोंडे व्हाल, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मीच कानकोंडी झाले असते, कारण टेबलावरच्या बोर्डावर माझं नाव होतं. तुम्ही डोळे तपासायला दवाखान्यात गेलात त्या सकाळी मी प्लास्टिकची एक बारीक पट्टी कापली, दाराच्या कडेला झटपट चिकटणाऱ्या डिंकानं बसवली, तुमच्याच रंगाचा हात दिला, वरून खिडकीतली धूळ लावली. बारा वाजेपर्यंत दार नकाशाबरहुकूम झालं होतं. मग तो डबा कापसात गुंडाळून खोक्यात ठेवला, तुम्हाला आधी दिसू नये म्हणून.

प्रदर्शनाला तुम्ही पांढरा सदरा घालून आलात, चौदा एप्रिलच्या जयंतीला घालायचात तो. मी तुम्हाला टेबलामागे खुर्ची दिली. पहिला तास तुम्ही दुसऱ्यांच्या गाड्या पाहत फिरलात, कोणत्या इंजिनाची शिटी कशी वाजायची ते अनोळखी माणसांना सांगत होता आणि माणसं ऐकत होती. मग परत आलात, टेबलाशी वाकलात. मी समोरून पाहत होते. तुम्ही बोट पुढे केलंत, दाराच्या कडेवरून हलकेच खाली आणलंत, आणि हात मागे घेतलात. तेवढ्यात एक गृहस्थ आले. तुमच्या डब्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, हा लाकडी डबा कुणी केला. मी मोठ्या अभिमानानं म्हणाले, "माझ्या वडिलांनी. ते शेडमध्ये सुतार होते."

तुम्ही नम्रपणे म्हणालात, "नाई जी. हा माया डब्बा नाई."

परतीची बस चंद्रपूरच्या जवळ आली होती. मग मीच विचारलं, "काऊन असं म्हणालात बाबा?"

"दार बंद केलं ना तू."

"मापात घेतलं. नकाशात तेवढंच आहे."

"हो," तुम्ही म्हणालात. "नकाशात तेवढंच हाये."

तुमच्या आवाजात राग नव्हता. घरी आल्यावर तुम्ही नेहमीसारखे जेवलात, नातीला अभ्यासाचं विचारलंत. पण दुसऱ्या दुपारी स्टूल मेजाशी आलं नाही. तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. मी हाक मारली, तर म्हणालात, "डोळे दुखून राह्यले बाई, तू कर." त्यानंतर तुम्ही माझ्या मेजाशी कधी बसला नाहीत. मी दोनतीनदा मुद्दाम चुकीची फळी बसवून तुम्हाला दाखवायला आणली. तुम्ही पाहून म्हणायचात, "छान हाये."

मी नागभीडला गेले ते दिव्याच्या मापासाठी. गार्डच्या डब्याच्या मागे लाल दिवा टांगायचे, त्याचा आकार मला कुठे मिळत नव्हता. तुमच्या वेळचे एक गार्ड तिथेच राहतात हे ठाऊक होतं, लहानपणी ईदला आपण ज्यांच्याकडे शिरखुर्मा खायला जायचो ते चाचा. त्यांनी तुमची चौकशी केली, दिव्याचं चित्र काढून दिलं, चाचीनं चहा आणला. मी फोनवर माझे डबे दाखवत होते. तुमच्या डब्याचा फोटो आला, तसा त्यांनी फोन हातात घेतला आणि चष्मा वर केला. डब्याच्या अंगावर तुम्ही बारीक अक्षरात नंबर लिहिला होता. मला वाटलं होतं की कुठलातरी लिहिला असेल.

"ये नंबर तो खाटेच्या डब्याचा हाये," चाचा म्हणाले. "पन दार एवढं लहान काऊन? याचं दार तुया बापानं मोठं केलं होतं. तुले मालूम नाई?"

मी म्हणाले, नाही.

मग त्यांनी सांगितलं. आरमोरीकडून एका बाळंतीण बाईला खाटेवर घालून बैलगाडीनं स्टेशनावर आणलं होतं, पुढे मोठ्या दवाखान्यात न्यायला. खाट दारातून आत जाईना. आडवी केली, तिरपी केली, शेवटी बाईला खाटेवरून उचलून चादरीत घेतलं, आणि त्या ओढाताणीतच तिनं फलाटावर जीव सोडला. तुम्ही त्या दिवशी तिथे बाक दुरुस्त करायला आला होता. खाटेचा एक पाय तुमच्या हातात होता. काही महिन्यांनी कुजलेली चौकट बदलायला एक डबा शेडमध्ये आला, आणि तुम्ही कुणाला न विचारता ती चौकट नऊ इंचांनी सरकवलीत. वरच्या साहेबांनी जाब विचारला, लेखी मेमो दिला. तुम्ही म्हणालात, चौकट कुजली होती तिथवर कापावं लागलं. त्यानंतर आजारी माणूस खाटेवर आला, की स्टेशनातली माणसं तो डबा शोधायची. चाचा म्हणाले, "कितीक लोकं त्या दारातून गेले बेटी. तुया बाप कोनाले सांगे नाई. आपल्या हातची खाट अडली, म्हने."

घरी येऊन मी ती पट्टी काढायला बसले. डिंक सागवानात उतरला होता. तुमच्याच पटाशीचं टोक घातलं, तर पट्टीबरोबर तुमची फळी चिरायला लागली. मी थांबले. मग ठरवलं की तसाच दुसरा डबा करायचा, रुंद दाराचा, सागवानाचा, फळ्यांवर फळ्या बरोबर चढवलेल्या. तो अर्धा झाला होता, तेव्हा तुम्ही गेलात.

तुमच्या पुण्यानुमोदनाला अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, वंदना झाली, लोक एकेक करून तुमच्याबद्दल बोलले. शेवटी मी उठले आणि खाटेच्या डब्याची ही सगळी गोष्ट सांगितली. बायका डोळे पुसत होत्या. मी म्हणाले, मला हे फार उशिरा कळलं, बाबा असते तर मी त्यांची माफी मागितली असती. मी नागभीडला गेले ते तुम्ही वारल्यावर, असंच सगळ्यांना वाटलं, आणि मी वाटू दिलं. माझ्या मुलीलाही तेच ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तिनं तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला ते माझ्यादेखत सांगितलं, तेव्हाही मी गप्प होते.

तुम्हाला तर ठाऊकच आहे. मी नागभीडला बैलपोळ्याच्या आधी गेले होते आणि तुम्ही धानकापणीत गेलात. मधले सगळे दिवस आपण एकाच घरात होतो. आधी डबा पुरा करते, मग तो पुढे ठेवून बोलते, असं मी रोज ठरवत होते. रिकाम्या हातानं तुमच्यासमोर बसायची मला लाज वाटत होती. तुम्ही रागावला असतात तर ते सोपं गेलं असतं. तुम्ही समजून घेतलं असतं, ते मला नको होतं.

त्या दिवशी नागभीडहून आले, तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होता. मी पिशवी खाली ठेवली. तुम्ही विचारलंत, "कसा हाये तो?" मी म्हणाले, बरे आहेत, तुमची आठवण काढली. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि सरकून मला बसायला जागा केलीत.

"अजून काई म्हने का?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "दिव्याचं माप मिळालं." आणि आत गेले.