तुझ्या नावाचा पासपोर्ट

आझुमिनो, नागानो
९ मार्च

प्रिय ताई,

पासपोर्ट आला. ही ओळ सगळ्यांत आधी लिहिते, कारण तू पत्राचं शेवटचं पान आधी वाचतेस आणि मग जीव मुठीत धरून पहिल्याकडे वळतेस. काही वाईट झालेलं नाही. मी इथेच आहे, हाना शाळेत गेलीय, शिनइची बागेत सफरचंदाच्या फांद्या छाटतोय, आणि माझ्यासमोर टेबलावर नवाकोरा पासपोर्ट आहे. रोवेना आतिएन्सा मागपांताय. मधे आईचं आडनाव, शेवटी बाबांचं, जसं जन्मल्यावर लिहिलं होतं तसं. अठरा वर्षांनी माझ्या फोटोखाली माझं नाव आलंय, आणि तुझं नाव सुटलंय. सकाळपासून चारदा उघडून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "पुसून जाईल अक्षर."

तुला आठवतं ना, मनिलाचा तो एजंट आपल्या ओसरीवर बसून आईची कॉफी पीत म्हणाला होता, पोरगी गाते चांगली, पण अठराची आहे, जपानच्या हॉटेलात गायला तेविशीची हवी. आणि मग सहज, जशी चमचाभर साखर मागावी तसं, "मोठी बहीण तेविशीची आहे ना, तिचा जन्मदाखला द्या की." आपल्या गल्लीतल्या दोघी तशाच गेल्या होत्या, त्यामुळे कुणाला त्यात पाप वाटलं नाही. आईनं त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. तू मात्र आत गेलीस, पत्र्याच्या डब्यातून दाखला काढून आणलास आणि म्हणालीस, "घेऊन जा माझं नाव. मला कुठे जायचंय? फार तर लिपाच्या बाजाराला." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा वाटलं होतं, सहा महिन्यांचा करार, परत येऊन दाखला डब्यात ठेवून देऊ.

पण मी राहिले. शिनइची भेटला. नागानोहून मित्रांबरोबर यायचा, कोपऱ्यात बसून संत्र्याचा रस प्यायचा आणि माझं गाणं संपलं की एकटाच टाळ्या वाजवायचा. लग्न केलं तेव्हा कागद तुझेच होते. शिनइची ओकुमुरा आणि फेलिसिदाद मागपांताय. त्या सहीच्या वेळी मी मान वर केली नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. इथली माणसं म्हणाली, नवी नवरी लाजतेय. त्यानंतर पासपोर्ट संपला की दर वेळी टोकियोला जायचं, तुझ्या जन्मतारखेचा अर्ज भरायचा, तुझ्या सहीची नक्कल करायची आणि खिडकीतल्या बाईच्या नजरेला नजर द्यायची नाही. आदल्या आठवड्यात जेवण जात नसे. शिनइची विचारायचा, "पासपोर्टच काढायचाय ना? फाशी तर नाही?" मी म्हणायचे, बस लागते मला.

या खेपेलाही मी तुझ्या नावानेच अर्ज भरायला बसले होते, ताई. खरं सांगते. अर्धा भरलाही होता. तेवढ्यात आईचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी चालल्या होत्या, बेर्तो चालवतो त्या जीपनीगाडीचं इंजिन, तुझ्या धाकट्याच्या कांजिण्या, आणि बोलता बोलता ती म्हणून गेली, "त्या नोंदणीवाल्यानं फेलीला परत पाठवलं नसतं तर दोघांचं तेव्हाच उरकलं असतं." मी विचारलं, कोण नोंदणीवाला? आई एकदम विषय बदलायला लागली. तुला माहीतच आहे, तिला खोटं बोलता येत नाही, फक्त मोठ्याने खोकता येतं. शेवटी सांगितलंन. तू आणि बेर्तो लग्नाचा परवाना काढायला गेलात, अविवाहित असल्याचा दाखला मागवला, आणि त्यावर आलं की फेलिसिदाद मागपांताय हिचा विवाह जपानमध्ये झालेला आहे. कारकून सगळ्यांसमोर म्हणाला, "जपानी नवरा असताना हा दुसरा कशाला गं?" आणि तू काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी अडकले असते. तू बेर्तोचा हात धरून जिना उतरलीस.

तेरा वर्षं झाली त्याला. तेरा वर्षं तू मला सांगत आलीस, लग्नाची काय घाई आहे, लग्नाच्या जेवणातल्या डुकरावर पैसे कोण घालवणार, बेर्तो काय पळून जातोय. मी इथून तुला चिडवायचे की तू फार आधुनिक झालीस. लग्नाशिवाय नांदतेस म्हणून पाद्रीबाबांनी तुला वेदीजवळचा प्रसाद नाकारला, मावशीने तुझ्या पोरांच्या बारशाला यायचं टाळलं, आणि मी फोनवर हसत होते. लाज वाटते मला, ताई. इतकी लाज मला दुसऱ्या कशाचीही वाटलेली नाही. तो अर्ज मी फाडला.

मग शिनइचीला सांगितलं. जेवण झाल्यावर, हाना अंघोळीला गेली तेव्हा. वाटत होतं, एक तर हा बॅग भरायला सांगेल, नाही तर इथलं सरकार विमानात बसवेल, आणि पोरगी राहील इकडे. आतापर्यंत तोंड मिटून बसले होते ते याच भीतीनं. तो ऐकत राहिला. चहा गार झाला तरी ऐकत राहिला. मग त्याने एकच विचारलं, "म्हणजे तुझं वय किती?" छत्तीस, मी म्हटलं, एक्केचाळीस नाही. तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होता. "पाच वर्षं फुकट मिळाली," म्हणाला, आणि उठून भांडी घासायला लागला. पाठ माझ्याकडे होती. खांदे हलत होते, आणि तो हसत होता की रडत होता ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच मला वकीलबाईंकडे घेऊन गेला.

सासूबाईंचं वेगळंच. सगळं ऐकून घेतलं, मुळ्याचं लोणचं कापत कापत, आणि म्हणाल्या, "सोळा वर्षं अख्ख्या गावात मी फेलिसिदादच्या तक्रारी केल्या. आता नव्या नावानं पहिल्यापासून करू की काय?" मग सुरी खाली ठेवली. "तुझी बहीण तिकडे थांबलीय ना? मग कागद लवकर कर." एवढंच. त्या बाईनं आजवर माझ्या भाताला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही, पण त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते.

पुढचं तुला ठाऊकच आहे. तुझ्याकडे वकिलाचा माणूस आला तेव्हा तू काही न विचारता सही केलीस, दोनदा कोर्टात उभी राहिलीस, आणि जजसाहेबांनी विचारलं की बहिणीवर राग आहे का, तर म्हणालीस, "ती लहानपणापासून माझेच कपडे घालते." आईनं मला हे सांगितलं तेव्हा मी बागेत जाऊन रडले. परदेशी लोकांना राहायचे परवाने देणाऱ्या इथल्या कचेरीनं आठ महिने लटकत ठेवलं. बोटांचे ठसे घेतले, शेजाऱ्यांना विचारलं, हानाच्या बाईंकडून पत्र आणवलं. आणि मग राहायचा परवाना कायम केला, माझ्या खऱ्या नावानं. इथल्या दप्तरात आमच्या लग्नापुढचं नावही दुरुस्त झालं. तिकडे कोर्टानं तुझ्या नावावरची जपानी लग्नाची नोंद काढून टाकली. तुझा अविवाहित असल्याचा नवा दाखला वकिलांनी काढून पाहिलाय. एकदम कोरा आहे.

काल टोकियोला पासपोर्ट घ्यायला गेले. दूतावासात नेहमीची गर्दी, बायका, पोरं, कुणीतरी डब्यात शेवया आणलेल्या. खिडकीतून नाव पुकारलं, "मागपांताय, रोवेना." मी बसूनच. परत पुकारलं. मला वाटलं, कोण ही, उठत का नाही. शेजारच्या बाईनं माझ्या हातातली पावती वाचली आणि कोपरानं ढोसलं, "अगं, तूच ना ती?" मग उठले. पहिल्यांदाच त्या खिडकीपाशी मी मान वर करून उभी राहिले. खिडकीत आपल्या बातांगास प्रांतातलीच बाई होती, माझं बोलणं ऐकून तिनं चष्मा वर केला. "लिपाची का गं तू?" मग माझे कागद चाळले आणि म्हणाली, "लग्न झालंय ना जपानमध्ये? मग आपल्याकडे खऱ्या नावानं नोंद करून टाक की आजच. नवऱ्याचं आडनावही लावता येईल पुढे." फॉर्म तिनं पुढे सरकवलासुद्धा.

मी तो परत सरकवला. म्हटलं, बाई, या वर्षी नको, या वर्षी माझ्या ताईचं लग्न आहे. तिला कळायला क्षणही लागला नाही. "अगं बाई, सुकोब," म्हणाली, आणि फॉर्म झटकन खणात टाकला, सरकारी खुर्चीत बसलेली बाई. एका वर्षात दोन बहिणींची लग्नं झाली, कागदावर का होईना, की एकीचं नशीब दुसरी खाते, हे तिच्याही आईनं तिला सांगितलेलं. मागच्या रांगेतल्या दोघी म्हणाल्या, बरोबर केलंस, थोरलीचं आधी. तर ताई, तुला न विचारता अर्ध्या टोकियोला मी तुझ्या लग्नाचं सांगून बसलेय, आणि हे पत्र त्याचसाठी लिहितेय. बेर्तोला सांग, जीपनीचं इंजिन राहू दे, पाद्रीबाबांकडून मे महिन्यातली तारीख घे. मी, शिनइची, हाना येतोय, आणि सासूबाईसुद्धा म्हणतायत की खरी फेलिसिदाद एकदा बघायचीय. माझी नोंद पुढच्या वर्षी करीन. तोवर आपल्या देशाच्या दप्तरी मी बिनलग्नाची आहे. एक वर्ष मी राहते तशी, तू तेरा राहिलीस.

तुझीच धाकटी,
रोवेना