शेततळ्यातले शिंपले आणि मोरचूद

आई, मी शेततळ्यात शिंपले पाळते. कपाळावर हात मारून घेशील, ठाऊक आहे मला. त्यातून ते खायचे नाहीत, मोत्यांसाठी पाळायचे. “खायचे नाहीत तर पाळायचे कशाला, बाई?” असतीस तर हेच विचारलं असतंस. तू डहाणूकडची, खाडीकाठची. बाबांच्या नोकरीपायी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत येऊन पडलीस, आणि मामा भेटायला आला की आधी त्याच्या पिशवीत तिसऱ्या, त्या खाडीतल्या शिंपल्या, आहेत का ते बघायचीस, मग तो कसा आहे ते विचारायचीस. मला आत्ताही तो ओटा दिसतो. तू एकेक तिसरी दुसरीवर वाजवून बघते आहेस. भरीव आवाज आला की पातेल्यात, पोकळ आला की बाहेर. मी घाईघाईत मूठभर तशाच पातेल्यात ढकलल्या, तर हातावर चापट बसली. “मेलेली एक गेली तर अख्खं कालवण बाद! हाताला कान नाहीत का तुझ्या?” हाताला कान म्हणे! चिडलीस की तू काहीही बोलायचीस.

इथे निफाडकडे सगळी द्राक्षं. बागेच्या पाण्यासाठी शेततळं आहेच, त्यात मी हे सुरू केलं. प्रशिक्षण घेतलं, ज्यावर मोती चढतो तो साचा शिंपल्याच्या पोटात कसा ठेवायचा ते शिकले. मग ते जाळीच्या पिशव्यांत घालून दोरीला टांगायचे आणि वर्षभराहून जास्त वाट बघायची. पाणी मात्र हिरवट हवं, कारण त्यातलं बारीक शेवाळ हेच त्यांचं जेवण. गावानं नावं ठेवली. ठेवू देत. या एवढ्या शेतात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, आई, आणि मोती निघायला थोडेच महिने राहिले होते.

मागे मी ताईकडे गंगापूर रोडला दोन दिवस राहून आले. परतले तर हे, तुझे धाकटे जावई, मला एसटीवरून थेट तळ्यावरच घेऊन गेले. चेहरा नुसता फुललेला. “बघ, पार तळ दिसतोय!” खरंच दिसत होता. खाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद, त्याच्या घड्यासुद्धा. “लय हिरवं झालं होतं गं. ठिबकच्या नळ्या तुंबायच्या. म्हटलं, तू यायच्या आत साफ करून टाकू.” द्राक्षवाल्याच्या घरात फवारणीचं निळं मोरचूद नाही असं होत नाही, आणि शेवाळ दिसलं की मोरचूद टाकायचं हे त्यांना बापानं शिकवलेलं. मी सांगितलं होतं पाणी हिरवं लागतं म्हणून. त्यांना वाटलं, एवढंही हिरवं नको.

माझं डोकंच फिरलं. “अहो, विष घातलंत तुम्ही त्यांना!” असं ओरडले आणि साडीसकट दोर धरून पाण्यात उतरले. पिशव्या ओढून काढल्या. कितीतरी शिंपले आ वासून पडलेले, ते वाजवायचीही गरज नव्हती. मिटलेले होते ते मी काठावर बसून एकमेकांवर वाजवायला लागले. हे चपला काढून शेजारी येऊन बसले आणि हळूच विचारलं, “कसा आवाज पायजे?” मी वाजवून दाखवला. मग दोघंही वाजवत बसलो, आणि माझा राग कुठे गेला मलाच कळलं नाही. “हा ऐक. हा हाय जित्ता,” असं म्हणून ते प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे. जेमतेम दोन घमेली जगले. ते विहिरीच्या पाण्यात, टाकीत ठेवले.

त्या संध्याकाळी ते ताटावर बसेनात. एवढा धिप्पाड माणूस, ओट्याशी भिंतीला टेकून उभा. “माझ्याच हातानं मारले,” एवढंच परत परत. मला बघवेना. मी म्हटलं, “अहो, माझ्या आईनं पण असंच केलं होतं एकदा. वाळू निघावी म्हणून पिशवीभर तिसऱ्या कोमट पाण्यात घातल्या. सगळ्या गेल्या. कॉलनीभर हसं झालं होतं.” ते चमकून म्हणाले, “आईंनी? त्यांच्या हातून?” मी म्हटलं, हो. तेव्हा कुठे पाटावर बसले, भाकरी मोडली.

आई, तुझ्या हातून जन्मात एक तिसरी वाया गेली नाही. आता मात्र ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, आमच्या सासूबाईंनी पण शिंपले मारले होते. मी ऐकते आणि गप्प बसते. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. तू चिडशील, चीड. पण त्यांना जेवायला बसवायला मला तुझ्याशिवाय कुणी आठवलंच नाही गं.